कायद्याचे दुसरे दार

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांमधून सकाळच्या वेळी फेरफटका मारणाऱ्यास शटरवर चिकटवलेले, हाताने लिहिलेले कागद हमखास दिसतात : 'लेडीज हेल्पर पाहिजे.' कोठे पॉलिश होऊन आलेली स्टीलची भांडी पुसून, कागदात गुंडाळून खोक्यात भरावयाची असतात; कोठे प्लॅस्टिकच्या वस्तूंच्या कडा कापावयाच्या असतात; कोठे इमिटेशनच्या दागिन्यांत खडे बसवावयाचे असतात. बाई नालासोपाऱ्याहून किंवा विरारहून खाडी ओलांडून येते, चार-सहा जणांच्या गाळ्यात दिवसभर काम करते आणि संध्याकाळच्या गर्दीत परत जाते. तिच्या गाळ्यात आणखी एक कागद भिंतीवर असावयास हवा, असे देशाचा कायदा २०१३ पासून सांगत आला आहे. लैंगिक छळ हा गुन्हा असून त्याचे परिणाम काय होतात, हे सांगणारा हा फलक प्रत्येक मालकाने दर्शनी जागी लावावयाचा असतो. बँकांच्या शाखांत आणि सरकारी कार्यालयांत तो आढळतो. गाळ्याच्या भिंतीवर देवादिकांची तसबीर असते, कॅलेंडर असते, जी.एस.टी. क्रमांकाची पाटी असते. हा फलक मात्र शोधूनही सापडणे कठीण.

याला मालकांचे अज्ञान हे एकच कारण आहे असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. खरे कारण कायद्याच्या रचनेत आहे, आणि ती रचना ज्या रोजगारव्यवस्थेवर उभी आहे तिच्यात आहे.

'कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई आणि निवारण) अधिनियम' हा ९ डिसेंबर २०१३ रोजी अमलात आला. त्याच्या व्याख्या खरोखरीच विशाल आहेत, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कायम कामगार, हंगामी कामगार, रोजंदारीवरची बाई, ठेकेदाराने आणलेली बाई, घरकाम करणारी बाई, या सर्व त्यात येतात. ठेकेदाराने आणलेल्या बाईची मूळ मालकाला माहिती नसली तरी ती येते. कामाचे ठिकाण म्हणजे केवळ कारखाना नव्हे. दुसऱ्याचे राहते घर हेही कामाचे ठिकाण आहे, आणि मालकाने दिलेले वाहन हेही. परंतु व्याख्या संपून यंत्रणा सुरू होते तेथे कायदा दहा या आकड्यापाशी रेघ ओढतो. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तेथे मालकाने अंतर्गत समिती नेमावयाची. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया सदस्य, आणि बाहेरच्या संस्थेचा एक प्रतिनिधी. दहापेक्षा कमी माणसे असतील, अथवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर बाईने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावयाचे. हे कायद्याचे दुसरे दार. भाईंदरच्या गाळ्यांतील बहुसंख्य बायांच्या दृष्टीने मात्र तेच एकमेव दार आहे, कारण त्यांच्या गाळ्यात दहा माणसे नसतात आणि ज्याची तक्रार करावयाची तो बहुधा शेठ, शेठचा भाऊ किंवा मुकादम असतो.

दहाचा हा आकडा आकाशातून पडलेला नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी दहा कामगारांची मर्यादा घातली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानदारांना नोंदणीच्या बंधनातून मोकळे केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आणलेल्या नव्या श्रमसंहितांनी कारखान्याची मर्यादा दहावरून वीसवर नेली. तर ज्या स्थायी आदेशांत लैंगिक छळ ही गैरवर्तणूक म्हणून नोंदली जाते, ते मूळ कायद्यातील १०० कामगारांऐवजी आता ३०० कामगारांच्या उद्योगांपुरते उरले. सरकारचा डोळा किती मोठ्या वस्तूवर पडावा, याचे हे माप दर पिढीला वर सरकत आहे. मालकवर्ग अर्थशास्त्र न शिकताही हे गणित अचूक करतो. अठरा माणसांचे काम दोन गाळ्यांत विभागले, एक गाळा स्वतःच्या व दुसरा पत्नीच्या नावावर घेतला, की दोन्हीकडे नऊ-नऊ माणसे राहतात आणि कागदोपत्री कायद्याची अर्धी पाने गळून पडतात. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातील कष्टकरी कुटुंबे पश्चिम रेल्वेच्या मार्गाने उत्तरेकडे सरकत गेली, तेव्हा त्यांच्या लेकीसुनांच्या वाट्याला जो रोजगार आला तो अशा फोडी केलेल्या उद्योगांतलाच होता.

आता ज्या प्रकरणातून हा सारा कायदा जन्मला त्याकडे वळून पाहिले तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. भंवरीदेवी ही राजस्थानातील भटेरी गावची स्त्री कोणत्याही कचेरीत नोकरीला नव्हती. राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ती मानधनावर 'साथिन' म्हणून काम करीत होती. १९९२ साली एक बालविवाह थांबविण्याचा तिने प्रयत्न केला, कारण ते तिचे नेमून दिलेले कामच होते. त्याचा सूड म्हणून त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ साली सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून निर्दोष सोडले. त्यानंतर 'विशाखा' या नावाने स्त्री-संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या अर्जावर १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर (एके काळच्या मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्ती) आणि न्या. बी. एन. कृपाल यांच्या पीठाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. संसदेने कायदा करीपर्यंत हीच तत्त्वे कायदा मानावीत, असे न्यायालयाने सांगितले. संसदेला त्यासाठी सोळा वर्षे लागली. मधल्या काळात ही तत्त्वे पाळली जात नाहीत म्हणून पुण्याच्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांना पुन्हा सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, आणि त्या प्रकरणाचा निकाल १९ ऑक्टोबर २०१२ रोजी लागला.

म्हणजे कायद्याची जननी ठरली ती खेड्यातली मानधनावरची कष्टकरी स्त्री. पण तिच्या दुःखातून जी यंत्रणा घडली ती कचेरी डोळ्यांसमोर ठेवून. वरिष्ठ स्त्री अधिकारी, सेवानियम, बदली, रजा, वार्षिक अहवाल, ही सारी कचेरीची भाषा आहे. घरकामगार स्त्रियांना तर २०१० च्या मूळ विधेयकातून चक्क वगळले होते; ओरड झाली तेव्हा त्यांचा समावेश झाला. विशाखाचा निकाल देणारे न्या. वर्मा यांच्याच अध्यक्षतेखाली डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर समिती नेमली गेली. तिने जानेवारी २०१३ च्या अहवालात अशी शिफारस केली की चौकशी मालकाच्या घरातल्या समितीकडे न देता स्वतंत्र रोजगार न्यायाधिकरणाकडे द्यावी. लोकसभेने तोपर्यंत विधेयक संमत केले होते, राज्यसभेनेही फेब्रुवारीत ते तसेच संमत केले, आणि शिफारस अहवालात राहिली. आरोपीच्या पगारपत्रकावर सही करणाऱ्यानेच न्यायाधीश नेमावा ही रचना किती टिकाऊ, हे ठरविण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

दुसऱ्या दाराकडे परत यावयाचे तर ते दार आहे ठाण्याला. मीरा-भाईंदर हे ठाणे जिल्ह्यातले शहर. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांच्या पुढे गेलेली. तथापि भाईंदरहून ठाण्याला जाणारी थेट लोकल नाही. घोडबंदर रस्त्याने बसने जावे तर वाहतुकीच्या कोंडीत सकाळ जाते. रेल्वेने जावे तर दादरपर्यंत खाली येऊन मध्य रेल्वेची गाडी पकडावी लागते. नालासोपाऱ्याच्या बाईचा घोटाळा आणखी निराळा. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून तिचे घर पालघर जिल्ह्यात आणि गाळा ठाणे जिल्ह्यात आहे. मीरा-भाईंदर आणि वसई-विरारचे पोलीस आयुक्तालय २०२० पासून एक आहे, पण स्थानिक समिती जिल्हानिहाय असल्यामुळे, आणि काम भाईंदरला असल्यामुळे, तिने ठाण्यालाच जावयाचे. हे तिला कोणी सांगितलेले नसते.

समजा तिने सारे शोधून काढले. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यावयाची. समितीला पटले तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावयाची. तक्रार दाखल करणे, जबाब, साक्षीदार, निकाल अशा किमान चार खेपा धरल्या आणि रोज पाचशे रुपये धरला, तर दोन हजार रुपयांचे खाडे आणि वर प्रवासखर्च, इतकी या न्यायाची रोख किंमत होते. ती महिन्याच्या खोलीभाड्यातून जाते. परंतु खरी किंमत ही नव्हेच. पहिल्या खाड्याच्या दुसऱ्या दिवशी शटरवर 'लेडीज हेल्पर पाहिजे' हा कागद पुन्हा लागतो, ही खरी किंमत. हजेरीपुस्तकात नाव नाही, पगार हातात, नेमणुकीचे पत्र नाही. मग तिला काढून टाकले हे तरी सिद्ध कशाने करावयाचे? ती मुळी तेथे होती हेच प्रथम सिद्ध करावे लागते.

चौकशीच्या काळात समिती जो अंतरिम दिलासा देऊ शकते त्याची यादी वाचली म्हणजे कचेरी आणि गाळा यांतले अंतर उघडे पडते. बाईची किंवा आरोपीची दुसरीकडे बदली करावी. बाईला तीन महिन्यांपर्यंत रजा द्यावी. चार माणसांच्या गाळ्यात बदली कोठे करणार? पॅकिंगच्या टेबलावरून माळ्यावर? आणि ज्या शेठने आठवड्याच्या सुटीचाही पगार कधी दिला नाही तो तीन महिन्यांची भरपगारी रजा देईल ही कल्पना ज्या मसुदाकारास सुचली त्याने गाळा पाहिलेला नसावा.

या कायद्यात गाळ्यातल्या बाईच्या उपयोगाचे हत्यार एकच आहे आणि त्याची चर्चा क्वचितच होते. ते म्हणजे नुकसानभरपाई. मानसिक त्रास, गेलेली संधी, औषधोपचाराचा खर्च आणि आरोपीची सांपत्तिक स्थिती पाहून समिती रक्कम ठरवू शकते, आणि आरोपीने ती भरली नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्यासाठी जिल्हा अधिकाऱ्याकडे पाठवू शकते. लहान मालकाला सेवानियमांची भीती नसते. गाळ्यावर बोजा चढण्याची असते. ज्या समितीकडे एवढे हत्यार आहे तिच्या अध्यक्षेला नियमांनुसार बैठकीच्या दिवसाचे २५० रुपये मिळावेत, असे २०१३ साली ठरले. आजच्या बिगाऱ्याचा रोजही याहून अधिक आहे. सरकार ज्या कामाची जेवढी किंमत करते तेवढेच त्याचे महत्त्व मानते, हा नियम अर्थसंकल्पाच्या अभ्यासकांना नवा नाही.

छळाचा हा व्यवहार मुळात मजुरीच्या व्यवहारापासून वेगळा काढता येत नाही, हे समाजवादी कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. पीसवर काम असेल तेथे सोपा माल कोणाला आणि किचकट माल कोणाला, हे मुकादम ठरवतो. उचल कोणाला द्यावयाची, मंदीत कोणाला घरी बसवावयाचे, उशीर झाला तर अर्धा दिवस कोणाचा कापावयाचा, हेही त्याच्याच हाती असते. या प्रत्येक ठिकाणी लिखित नियम नसतो, मर्जी असते. जेथे मजुरी मर्जीवर ठरते तेथे मर्जीची किंमत मागितली जाणे हा अपघात नसतो. म्हणूनच किमान वेतन, हजेरीपुस्तक आणि बँकेतून होणारा पगार या कोरड्या वाटणाऱ्या मागण्या स्त्रीच्या अब्रूशी निगडित आहेत. हजेरीपुस्तकावर नाव असलेली बाई मुकादमाला जे उत्तर देऊ शकते ते नाव नसलेली बाई देऊ शकत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली केलेल्या १९० क्रमांकाच्या करारात करारपत्राचे स्वरूप काहीही असो, प्रत्येक काम करणाऱ्या माणसाला हे संरक्षण दिले आहे. २०२५ साल संपेपर्यंत भारताने त्याला मान्यता दिलेली नव्हती.

घरकामगार स्त्रियांची स्थिती तर याहूनही अवघड. मीरा रोडच्या उंच इमारतींतून चार-चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईने तक्रार केली आणि तीत प्रथमदर्शनी तथ्य आढळले, तर स्थानिक समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवावयाची. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ५०९ खाली गुन्हा नोंदला जाई. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ७९ त्याच्या जागी आले. म्हणजे बँकेतल्या बाईला समिती, आणि भांडी घासणाऱ्या बाईला पोलीस ठाणे. त्या ठाण्यात घरमालक फोन करून चोरीची उलट तक्रार देऊ शकतो, ही शक्यता त्या बाईला कायद्याच्या पुस्तकाहून अधिक ठाऊक असते.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला, की खोट्या तक्रारींचा सुळसुळाट होईल. द्वेषबुद्धीने केलेल्या खोट्या तक्रारीस शिक्षा या कायद्यातच ठेवलेली आहे. वर्मा समितीने तिलाही विरोध केला होता, कारण तिच्या धाकाने खरी बाईही गप्प बसते. आरोपीला बाजू मांडण्याची पूर्ण संधी मिळाली पाहिजे यात मात्र दुमत नसावे. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाच्या प्रकरणात १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फीचा आदेश रद्द केला तो चौकशी घाईघाईने उरकल्यामुळे. घाईने केलेली चौकशी आरोपीइतकाच तक्रारदार स्त्रीचाही घात करते. वर्षानुवर्षे लढून मिळालेला निकाल तिच्या हातून जातो आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दुसरा आक्षेप असा की कायद्याचा जाच वाढला तर लहान मालक बायांना कामावरच घेणार नाहीत. भाईंदरच्या गाळ्यांत बाई ठेवली जाते ती उपकार म्हणून नव्हे. पुरुषापेक्षा कमी रोजात ती तेच काम करते म्हणून. तो फरक टिकून आहे तोवर शेठ बाईच शोधील.

खरी लाजिरवाणी गोष्ट कामगार चळवळीच्या बाजूची आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परळच्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तेथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. खटला चालला तो खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरी यांचा. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्यात आलाच नाही. पण त्या वेळी परिचारिकांनी काम बंद केले होते, हेही नोंदले पाहिजे. त्या संघटित होत्या म्हणून ते शक्य झाले. त्यानंतरच्या अर्धशतकात किती युनियनांनी आपल्या मागणीपत्रात बोनस आणि महागाई भत्त्याच्या शेजारी हा विषय घातला? 'हा बायकांचा प्रश्न, तो महिला आघाडीने पाहावा', असे म्हणून तो टेबलावरून सरकवला गेला. महिला आघाडीकडे गाळ्याच्या फाटकात जाण्याची ताकद नव्हती, आणि ज्यांच्याकडे ती होती त्यांना तेथे जाण्याची निकड वाटली नाही. आरोपी बहुधा युनियनचाच वर्गणीदार सभासद असतो, ही अडचण तर कोणी उघड बोलतही नाही.

पक्षांचीही गोष्ट याहून फारशी वेगळी नाही. राजकीय पक्ष आणि त्याचे कार्यकर्ते यांत मालक-नोकर संबंध नसल्याने पक्षाला अंतर्गत समिती नेमण्याचे बंधन नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये म्हटले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली त्यात हस्तक्षेप केला नाही. या निकालाने अनेक पक्षकचेऱ्यांत सुटकेचा निःश्वास टाकला गेला असेल. समाजवादी पक्षाला तो टाकता येत नाही. शिबिरांत, दौऱ्यांत, निवडणुकीच्या रात्रींत ज्या मुली पूर्णवेळ राबतात त्यांना तक्रार करावयाची झाल्यास कोणाकडे जावयाचे, हे जिल्हा शाखांनी लिहून ठेवण्यास कायद्याची सक्ती कशाला हवी? बाहेरच्या संस्थेची एक सदस्य घेऊन समिती नेमावी आणि तिचे नाव पक्षकचेरीच्या भिंतीवर लावावे. नंतर गाळ्याच्या शेठला फलकाविषयी विचारण्यास तोंड राहील.

भाईंदरात करण्याजोगे काम पुष्कळ आहे आणि त्यातले बरेचसे सध्याच्या कायद्यात बसते. तक्रार येण्याचे ठिकाण म्हणून शहरी भागात प्रत्येक प्रभागात किंवा नगरपालिकेत एक समन्वय अधिकारी नेमावा आणि त्याने आलेली तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवावी, असे कलम सहामध्ये पहिल्या दिवसापासून आहे. ३ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या त्याच प्रकरणात जिल्हा अधिकारी, स्थानिक समित्या आणि हे अधिकारी नेमण्यासाठी मुदती घालून दिल्या. कायदा होऊन अकरा वर्षे झाल्यावर न्यायालयाला नेमणुकांच्या तारखा सांगाव्या लागतात, यावरून कारभाराची कल्पना यावी. हा अधिकारी कोण, याची पाटी महानगरपालिकेच्या प्रत्येक प्रभाग कार्यालयात मराठीत व हिंदीत लागली, तर बाईच्या चार खेपांतली निदान एक वाचते. स्थानिक समितीने आपली बैठक भाईंदरला घेऊ नये असे कायद्यात कोठेही म्हटलेले नाही. महिन्यातून एकदा, गाळ्यांच्या सुटीच्या दिवशी, ती येथे घ्यावी ही मागणी अगदी किमान आहे.

बाई काही कारणाने स्वतः तक्रार देऊ शकत नसेल, तर घटनेची माहिती असलेला कोणीही तिच्या लेखी संमतीने ती देऊ शकतो, असे नियमांत आहे. समितीपुढे वकील उभा करता येत नाही. म्हणजे शेठचा वकीलही नाही. कार्यकर्त्यासाठी ही मोठी जागा आहे. मात्र येथे एक जुनी सवय सोडावी लागेल. अन्याय दिसला की पत्रक काढावे, नावानिशी सभा घ्यावी, ही चळवळीची रीत. या कायद्यात तक्रारदार स्त्रीचे नाव, पत्ता आणि चौकशीचा मजकूर प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. तिच्या नावाने मोर्चा काढणारा कार्यकर्ता शेठचेच काम हलके करतो.

पुढची मागणी रचनेची आहे आणि तिचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हे मान्य केले की हमालाला एक मालक नसतो, म्हणून त्याची नोंद मालकाकडे न करता कामगार, मालक व सरकार यांच्या मंडळाकडे करावी आणि मालकांकडून लेव्ही घ्यावी. १९८१ साली सुरक्षारक्षकांसाठी, तर २००८ साली घरकामगारांसाठी मंडळाचा मार्ग स्वीकारला गेला, जरी घरकामगारांच्या मंडळाची ताकद पुष्कळच तोकडी राहिली. गाळ्यांच्या वसाहतीला हेच सूत्र लागू होऊ शकते. शंभर गाळ्यांची वसाहत म्हणजे कायद्याच्या लेखी शंभर लहान मालक; बाईच्या लेखी मात्र ते एकच कामाचे ठिकाण आहे. जिना एक, लिफ्ट एक, मजल्यावरचे स्वच्छतागृह एक, आणि त्रास होतो तो पुष्कळदा याच सामायिक जागांत, जेथे कोणाही एका मालकाची जबाबदारी नाही. गाळेधारकांची सोसायटी पाणी, वॉचमन आणि लिफ्ट यांचा खर्च वाटून घेतेच. त्याच हिशेबात वसाहतीची एक समिती बसविता येईल. त्यासाठी राज्य सरकारने कायद्यात दुरुस्ती करावी लागेल, आणि तोवर सोसायट्यांशी स्वेच्छेचा करार करण्याचा प्रयत्न युनियनने करावा. पहिल्या चार सोसायट्या नकार देतील. पाचवी कदाचित देणार नाही, विशेषतः तिचे पदाधिकारी पुढच्या निवडणुकीत उभे राहण्याच्या विचारात असतील तर.

यासाठी आकडे हाती असावे लागतात. समितीने दर वर्षी अहवाल द्यावा आणि त्यात किती तक्रारी आल्या, किती निकालात निघाल्या, हे नोंदवावे, असे कायदाच सांगतो. म्हणून माहितीच्या अधिकाराखाली ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे अर्ज करून तीन गोष्टी मागाव्यात : स्थानिक समितीच्या सदस्यांची नावे व नेमणुकीच्या तारखा, मीरा-भाईंदर क्षेत्रासाठी नेमलेल्या समन्वय अधिकाऱ्याचे नाव व बसण्याची जागा, आणि गेल्या पाच वर्षांत या क्षेत्रातील दहापेक्षा कमी कामगारांच्या ठिकाणांहून आलेल्या तक्रारींची वर्षवार संख्या. अर्जाची फी दहा रुपये आहे आणि उत्तरास तीस दिवसांची मुदत आहे. शून्य हे उत्तर आले तरी ते छापून गाळ्यांच्या फाटकांवर वाटावे, समन्वय अधिकाऱ्याच्या नावासह.